शोधखिडकीची राखण

महाजालावर शोध घेताना माणूस स्वतःविषयी जितके उघडपणे लिहितो, तितके तो क्वचितच दुसऱ्या कुठे लिहीत असेल. आणि तरीही आपण हे कोणाला तरी सांगत आहोत, याचे भान त्याला त्या वेळी सहसा नसते. आजाराची लक्षणे, थकलेले हप्ते, घटस्फोटाची कलमे, नोकरी बदलण्याचा विचार, असे प्रश्न सुटे पाहिले तर निरुपद्रवी वाटतात, परंतु ते एकाच व्यक्तीच्या नावे महिनोन्महिने साठत गेले की त्यांतून ती व्यक्तीच उभी राहते. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतील शोध, नावांच्या जागी क्रमांक घालून, संशोधकांसाठी प्रसिद्ध केले, तेव्हा पत्रकारांनी केवळ त्या प्रश्नांच्या आधारे एका वृद्ध महिलेला शोधून काढले होते. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. मात्र हा हक्क शोधाच्या चौकटीपर्यंत पोहोचवण्याचे काम न्यायनिवाड्याने आपोआप होत नाही, ते कोणीतरी रोज हातांनी करावे लागते. स्वतःच्या यंत्रावर चालवलेली गोपनीयताप्रधान शोधखिडकी हा त्या कामाचा एक छोटा आणि म्हणूनच नीट न्याहाळता येण्याजोगा नमुना आहे.

शोधखिडकी आणि शोधयंत्र यांतील फरक आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. शोधयंत्र महाजालावरील पाने स्वतः धुंडाळते आणि त्यांची प्रचंड सूची बाळगते. भारतीय भाषांसाठी असा प्रयत्न ‘संधान’ या नावाने झाला होता. दिल्लीतील केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान खात्याच्या भाषातंत्रज्ञान कार्यक्रमातून आकाराला आलेल्या त्या शोधयंत्राच्या भाषांत मराठीचाही समावेश होता. शोधखिडकीकडे अशी सूची नसते. ती वापरकर्त्याचा प्रश्न घेते, त्याच्याशी जोडलेली ओळख, म्हणजे कुकी, यंत्राचा आयपी पत्ता आणि ब्राउझरच्या खुणा, गाळून टाकते, तोच प्रश्न अनेक शोधयंत्रांना आपल्या नावाने विचारते आणि आलेली उत्तरे एकत्र करून दाखवते. या प्रकाराला मेटासर्च म्हणतात. अ‍ॅडम टाउबर या प्रोग्रामरने सुरू केलेला सर्क्स हा प्रकल्प आणि त्यातून २०२१ मध्ये वेगळा झालेला सर्क्सएनजी हे या वर्गातील सर्वाधिक परिचित मुक्त सॉफ्टवेअर होय. मूळ सर्क्सचे काम आता थांबले असून सर्क्सएनजीचे चालू आहे. पायथन भाषेत लिहिलेले हे सॉफ्टवेअर एजीपीएल परवान्याखाली मिळते. त्यानुसार कोणी त्यात बदल करून ते इतरांना जालावरून वापरू दिले, तर बदललेला स्रोतही त्या वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो.

अशा खिडकीची उभारणी तशी थोडक्या वेळाची आहे. डॉकर या साधनाने, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारी सर्व सामग्री एका बंदिस्त संचात आणून चालवण्याच्या पद्धतीने, ती एका संध्याकाळीही सुरू करता येते. खरे प्रश्न त्यापूर्वीचे असतात आणि त्यांतील पहिला प्रश्न जागेचा असतो. दिल्ली परिसराचे उदाहरण घ्यायचे तर, दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरीदाबाद ही शहरे प्रशासकीयदृष्ट्या वेगवेगळ्या राज्यांत असली, तरी दूरसंचार परवान्यांच्या हिशेबात ती एकाच दिल्ली सेवाक्षेत्रात मोडतात, त्यामुळे दिल्लीच्या रोहिणी भागातील घर असो वा फरीदाबादमधील, जोडणीच्या अडचणी साधारण सारख्याच असतात. घरगुती फायबर जोडणीत अनेकदा एकच सार्वजनिक आयपी पत्ता कंपनीच्या अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात आणि तिच्यामुळे घरातील यंत्रापर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. अशा वेळी ज्यादा पैसे मोजून स्थिर पत्ता घ्यावा, आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचा आधार घ्यावा किंवा सार्वजनिक पत्ता असलेल्या बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्फत वायरगार्डसारखा कूटबद्ध बोगदा उभारून केवळ घरच्यांचे फोन त्या यंत्राशी जोडावेत, असे मार्ग उरतात. किंवा मग घरातील यंत्राचा नाद सोडून एखाद्या डेटा सेंटरमधील सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो.

या दोन जागांमधील निवड दिसते तितकी साधी नाही. डेटा सेंटरच्या पत्त्यावरून आलेल्या प्रश्नांकडे मोठी शोधयंत्रे संशयाने पाहतात आणि लवकरच कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे ठरवणारी परीक्षा, पुढे करतात. घरच्या पत्त्यावरून आलेले प्रश्न तुलनेने सहज स्वीकारले जातात, परंतु तो पत्ता त्याच घराचा असल्यामुळे कुटुंबाचे सगळे प्रश्न एका ठिकाणाशी जोडले जाण्याची शक्यता राहते. एकट्याने वापरलेली खिडकी कुकी आणि ब्राउझरच्या खुणा गाळते, गर्दीचा आडोसा मात्र देऊ शकत नाही; तो मिळण्यासाठी एकाच पत्त्यामागे अनेक माणसांचे प्रश्न मिसळावे लागतात. घरी रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक ठेवला, तर त्यात उत्तर भारतीय उन्हाळ्याची भर पडते. त्या दिवसांत वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात यंत्र बंद पडते, मेमरी कार्डावरील लेखन अर्धवट राहते, आणि या यंत्राच्या बहुतेक आवृत्त्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसल्याने पुन्हा सुरू झाल्यावर त्याची वेळ चुकलेली असते. वेळ चुकली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे अवैध भासू लागतात आणि शोधाचे पान कोरे राहते. म्हणून यंत्र सुरू होताच त्याने वेळ जुळवून घ्यावी अशी तजवीज करावी लागते. दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ सर्व्हर यासाठी वापरता येतो.

खिडकी सुरू झाल्यावर देखभालीचा मुख्य भाग ‘इंजिन’ या लहान पायथन फाइलींभोवती फिरतो. सर्क्सएनजीत प्रत्येक शोधयंत्रासाठी अशी एक फाइल असते आणि तिच्यात मुख्यतः दोन कामे सांगितलेली असतात: प्रश्न कोणत्या रूपात पाठवायचा आणि आलेल्या पानातून उत्तरे कशी वेचायची. ही वेचणी बहुधा एक्सपाथने होते; एचटीएमएल पानाच्या रचनेत अमुक चौकटीतील अमुक ओळ घ्यावी, असा तो पत्ता असतो. पलीकडच्या कंपनीने पानाची रचना जराशी बदलली की तो पत्ता चुकतो. येथे दोन प्रकारचे बिघाड संभवतात. पहिल्यात इंजिन स्पष्ट त्रुटी नोंदवते आणि आकडेवारीच्या पानावर त्याची विश्वसनीयता घसरलेली दिसते. दुसरा अधिक फसवा असतो, कारण त्यात कोणतीही त्रुटी उमटत नाही, केवळ उत्तरांची संख्या शून्यावर येते आणि इतर इंजिनांच्या उत्तरांमुळे ते चटकन लक्षातही येत नाही. चालकाला मग मूळ पान उघडून त्याची रचना फाइलीतील पत्त्याशी ताडून पाहावी लागते, प्रकल्पाच्या भांडारात कोणी आधीच दुरुस्ती केली आहे का ते तपासावे लागते आणि केली नसेल तर स्वतः करून ती तेथे पाठवावी लागते.

एखादे इंजिन कमी-अधिक झाल्याने काय बिघडते, हे गुणांकनाच्या पद्धतीवरून समजते. एकच दुवा अनेक शोधयंत्रांनी दिला, तर त्याच्या प्रत्येक स्थानाचा व्यस्तांक घेऊन बेरीज केली जाते आणि ती बेरीज, इंजिनांना वेगळे वजन दिलेले नसल्यास, तो दुवा किती ठिकाणी आला त्या संख्येने गुणली जाते. एकाच यंत्रात पहिल्या स्थानावर असलेल्या दुव्याला त्यामुळे १ गुण मिळतो, तर तीन यंत्रांत दुसऱ्या स्थानावर असलेल्या दुव्याला ४.५. या हिशेबात सहमतीला मोठे मोल आहे. त्यामुळे एक इंजिन मुके झाले की केवळ त्याची उत्तरे जात नाहीत, साऱ्या यादीचा क्रम हलतो.

पलीकडून नकार आल्यास सॉफ्टवेअर त्या इंजिनाला काही काळ विश्रांती देते. मूळ मांडणीनुसार ‘विनंत्या फार झाल्या’ असे उत्तर आल्यास एक तास, आणि सामान्य कॅप्चा आल्यास एक दिवस ते इंजिन बाजूला ठेवले जाते. हा काळ कमी करण्याचा मोह नव्या चालकाला होतो. परंतु नकारानंतर लगेच पुन्हा दार ठोठावले, तर तो पत्ता अधिक काळासाठी बंद होण्याचा धोका वाढतो. याच कारणाने बाहेरून येणाऱ्या स्वयंचलित विनंत्यांनाही आवर घालावा लागतो. त्यासाठीचा नियंत्रक व्हॅल्की या तात्पुरत्या साठ्यात विनंत्यांची गणती ठेवतो. ही गणती गोपनीयतेच्या साधनातही अपरिहार्य ठरते, कारण तिच्याअभावी यंत्रांच्या गर्दीत माणसांची खिडकी बंद पडते.

या परावलंबनाचा कस २०२५ मध्ये लागला. त्या वर्षीच्या जानेवारीत गूगलने शोधपानासाठी जावास्क्रिप्ट अनिवार्य केली आणि साधे एचटीएमएल पान मागवून त्यातून उत्तरे काढणाऱ्या अनेक साधनांचा पाया हादरला. केवळ गूगलच्या उत्तरांवर उभ्या असलेल्या व्हूगल या खिडकीला त्याचा विशेष फटका बसला. त्याच वर्षी ११ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टने बिंगचे शोध एपीआय, म्हणजे प्रोग्रामांना अधिकृतपणे उत्तरे पुरवणारी सेवा, बंद केले. अनेक स्रोतांवर विसंबलेल्या खिडक्या त्या काळात तगल्या, कारण ब्रेव्ह, मोजीक यांसारख्या स्वतःची सूची असलेल्या यंत्रांची उत्तरे त्यांना मिळत राहिली. स्रोत वेगवेगळे ठेवणे हा देखभालीतील सर्वांत फलदायी निर्णय असतो, असे यावरून म्हणता येते.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने दिल्लीत एक वेगळा पेच निर्माण होतो. ‘दिल्ली गणेशोत्सव’ हे शब्द मराठीत आणि हिंदीत सारखेच लिहिले जातात. लिपीवरून भाषा ठरवता येत नाही आणि इतक्या छोट्या प्रश्नावरून भाषा ओळखणारा प्रोग्रामही सहज चुकतो. शिवाय सर्व्हर नोएडात असल्यास पलीकडचे यंत्र पत्त्यावरून हिंदी प्रदेश गृहीत धरू शकते. म्हणून शोधाची भाषा स्वयंचलित न ठेवता मराठी अशी निश्चित करणे, मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोत यांना वरचे वजन देणे आणि स्वतःचे शोधपान असलेल्या मराठी विश्वकोशासारख्या संकेतस्थळासाठी सामान्य एक्सपाथ इंजिनाचा उपयोग करून नवी नोंद लिहिणे, हे उपाय योजता येतात. स्थान न कळवण्याची किंमतही येथेच मोजावी लागते: ‘जवळचा दवाखाना’ या प्रश्नाला खिडकीकडे नेमके उत्तर नसते, ‘नोएडा सेक्टर ६२’ असे स्पष्ट लिहावे लागते.

आतापर्यंतची सर्व कामे उत्तरांच्या दर्जासाठी असतात. गोपनीयता मात्र लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर आपोआप लिहीत असलेल्या नोंदींमध्ये, ठरते. प्रश्न गेट पद्धतीने पाठवला तर तो पानाच्या पत्त्यातच येतो आणि पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरच्या नोंदीत जसाच्या तसा उतरू शकतो. पोस्ट पद्धतीने तो विनंतीच्या पोटात राहतो, पण मग ब्राउझरमध्ये मागे जाणे काहीसे अडते. चित्रांची लघुरूपे थेट मूळ ठिकाणाहून आली तर वापरकर्त्याचा पत्ता तेथे उघड होतो, म्हणून ती खिडकीमार्फत आणावी लागतात आणि त्याचा भार सर्व्हरवर पडतो. टंकताना सुचवण्या देणारी सोय सुरू असल्यास अर्धवट लिहिलेला, कदाचित न पाठवण्याचे ठरवलेला प्रश्नही बाहेर जातो. वेब सर्व्हरची नोंद बंद करणे आणि यंत्रणेची नोंद कार्डाऐवजी तात्पुरत्या स्मृतीत ठेवणे हे उपाय केल्यास प्रश्न साठत नाहीत आणि मेमरी कार्डाचे आयुष्यही वाढते.

नोंद न ठेवण्याच्या या शिस्तीला कायद्याची मर्यादा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील मध्यस्थाच्या व्याख्येत शोधयंत्रांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि नवी दिल्लीत लोधी रोडवर कार्यालय असलेल्या सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी सेवापुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर आणि कंपन्या यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपण्यास आणि विहित सायबर घटना सहा तासांत कळवण्यास सांगितले आहे. दुसऱ्या बाजूने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या माहितीच्या हाताळणीला लागू होत नाही. घरापुरती ठेवलेली खिडकी आणि सर्वांसाठी खुली केलेली खिडकी यांत तांत्रिक फरक एका ओळीचा असला, तरी जबाबदारीचा फरक फार मोठा आहे, आणि खिडकी खुली करण्यापूर्वी चालकाने तो जाणकार वकिलाकडून समजून घेणे इष्ट ठरते.

या सर्वांवरून असे दिसते की स्वतःची शोधखिडकी विश्वासाची गरज संपवत नाही. ती विश्वास दूरच्या कंपनीकडून जवळच्या चालकाकडे हलवते. चालकाची इच्छा असेल तर तो सर्व प्रश्न वाचू शकतो, आणि सॉफ्टवेअरचा कोणताही परवाना त्याला त्यापासून रोखत नाही. त्यामुळे अशी खिडकी ओळखीच्या छोट्या वर्तुळापुरती, कुटुंबापुरती किंवा मित्रमंडळापुरती, ठेवणेच सर्वांत योग्य होय. आणि ती चालवणाऱ्याने काय नोंदले जाते, काय नोंदले जात नाही, नोंद किती दिवसांनी पुसली जाते आणि सर्व्हर कोठे आहे, या चार गोष्टी पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहून ठेवाव्यात. ज्या खिडकीवर ही चार उत्तरे नाहीत, तिच्यात खासगी प्रश्न लिहू नये.