कोळी पाळायचा, पण हात न लावता

फेब्रुवारी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात २९ वर्षांचा एक तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आला. तीन आठवडे एक डोळा लाल, सतत पाणी, उजेड सोसवेना. डोळे आले असतील म्हणून दिलेल्या औषधांनी काहीच फरक पडला नव्हता. मोठ्या भिंगातून पाहिल्यावर बुबुळावरच्या पारदर्शक पटलात बारीक केस रुतलेले दिसले. तेव्हा त्याला आठवले. घरच्या टॅरँट्युलाच्या काचेवरचा डाग घासताना मागे काहीतरी हलले, म्हणून त्याने मान वळवली आणि कोळ्याने केसांचा फवारा थेट तोंडावर उडवला होता. ते केस इतके सूक्ष्म होते, की चिमट्यानेही निघेनात. पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रकरण छापून आले.

लोक घाबरतात ते टॅरँट्युलाच्या दंशाला. पण अमेरिका खंडातल्या बहुतेक जातींचे खरे हत्यार म्हणजे पोटावरचे हे खाजरे केस. मागच्या पायांनी घासून ते उडवले जातात. या जातींचे विष साधारण गांधीलमाशीच्या तोडीचे. आशिया-आफ्रिकेतल्या जातींकडे असे केस नसतात, मात्र त्यांच्यातल्या काहींच्या चाव्याने स्नायूंत जबर पेटके येतात. म्हणून नवख्याने सुरुवात करावी ती मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याकडच्या, लाल गुडघ्यांच्या शांत कोळ्यापासून, असा जाणत्यांचा सल्ला असतो.

पाय पसरून हा चौदा-पंधरा सेंटिमीटर भरतो. त्याला प्रशस्त महाल नको असतो; पेटीची लांबी त्याच्या तिप्पट असली तरी पुरे. हौशी माणसे चुकतात ती उंचीत. उंच काचपेटी शोभून दिसते, पण जमिनीवर राहणारा हा जड कोळी काचेवर चढून पडला, तर त्याचे पोट फुटून तो रक्तस्रावाने मरू शकतो. त्यामुळे तळाला कोकोपीटचा दहा-बारा सेंटिमीटर थर दाबून भरायचा, म्हणजे त्याला बीळही करता येते आणि झाकणापर्यंतचे अंतरही कमी होते. जाळीच्या झाकणात त्याच्या पायांची नखे अडकतात. त्यापेक्षा भोके पाडलेले अॅक्रिलिकचे झाकण बरे. कारागिरी लागते ती एवढीच. बाकी सालीचा एक आडोसा आणि पाण्याची उथळ वाटी. खालून ऊब देणारी गादी मात्र घातक, कारण उकडले की कोळी सवयीने खाली खणतो, म्हणजे नेमका गादीकडेच जातो.

खाणे आठ-पंधरा दिवसांतून एकदा, एखादा रातकिडा किंवा पाळीव झुरळ. औषध मारलेल्या घरातली झुरळे अजिबात नकोत. अनेकदा तो महिनोन्महिने काहीच खात नाही आणि मालक हवालदिल होतो. पोट टम्म असेल, तर तो बहुधा कात टाकायच्या तयारीत असतो.

एक दिवस तो चक्क उताणा पडलेला दिसतो. मेला समजून त्याला उचलणारे आणि फेकून देणारेही निघतात! खरे तर टॅरँट्युला उताणा होऊनच कात टाकतो. मरणारा कोळी दिसतो तो उलट: उभ्या अवस्थेतच पाय पोटाखाली मुडपलेले. त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. पाय आत ओढायला स्नायू असले, तरी काही सांधे ताणायला ते नसतात. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर पुढे सरकतो, तसे हे पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबावर उघडतात. शरीरात पाणी कमी पडले, की दाब उतरतो आणि पाय मिटतात. पाण्याची वाटी कधीही कोरडी पडू द्यायची नाही, ती यासाठी.

कात टाकल्यावर त्याचे सुळे पांढरे आणि मऊ असतात. ते काळे होईपर्यंत खाणे देऊ नये, आणि जिवंत रातकिडा तर पेटीत राहूच देऊ नये. तोच मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत पुन्हा फुटतो, ही निसर्गाची मेहेरबानी.

नर मादीच्या मानाने अल्पायुषी. प्रौढ झाल्यावर वर्ष-दोन वर्षांतच संपतो. मादी मात्र वीस-पंचवीस वर्षे सहज जगते. शाळकरी मुलीच्या हट्टाखातर आणलेली मादी ती मुलगी नोकरीला लागली तरी घरातच असेल, हे आईवडिलांनी आधीच ध्यानात घ्यावे. शिवाय हा प्राणी माणसाला ओळखत नाही, लाडही समजत नाही. त्याला हातावर घेऊन फोटो काढण्यात मजा फक्त माणसाची, जोखीम दोघांची.

या छंदाची एक काळी बाजू म्हणजे जंगलातून होणारी चोरी. आंध्र प्रदेशातला निळाशार गुत्ती टॅरँट्युला १८९९ मध्ये शास्त्राला माहीत झाला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे, तरी परदेशी छंदिष्टांच्या पेट्यांत सर्रास दिसतो. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी आणि २०१९ पासून भारत-श्रीलंकेतले गुत्तीसारखे वृक्षवासी टॅरँट्युला ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. भारतात वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार त्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची सरकारकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. या वृक्षवासी कोळ्यांचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलींत राहतात. एखादा दिसलाच, तर लांबून फोटो काढावा. डबा बाहेर काढू नये.