भावनिक बुद्धिमत्ता आणि कोपीतला अभ्यास

‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द अलीकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात वरचेवर ऐकू येतो. त्याच्या जोडीला ‘मिश्र अध्ययन’ असते. हे दोन्ही शब्द आमच्या मुलांच्या काय कामाचे आहेत, हे तपासून घेतले पाहिजे. कारण ज्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, त्यांच्याविषयीच ते निकालासारखे वापरले जातात. अमक्याला स्वयंशिस्त नाही, तमकी भावनिकदृष्ट्या अपरिपक्व आहे, असे.

आधी अर्थ पाहू. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय परिभाषेत मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती सर्वतोमुखी केली. स्वतःची व दुसऱ्याची भावना ओळखणे, विचार करताना तिचा उपयोग करून घेणे, ती कशातून उपजली हे समजणे आणि मग ती हाताळणे, अशा तिच्या चार पायऱ्या सॅलोव्हे-मेयर यांनी पुढे सांगितल्या. हाताळणे शेवटी येते, हे ध्यानात ठेवावे. आमच्याकडे आरंभच ‘मनावर ताबा ठेवा’ इथून होतो.

मिश्र अध्ययन म्हणजे काही शिकवणे वर्गात, काही इंटरनेटवरून. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना होती. वर्गात घंटा होते, फळा असतो, शेजारी मैत्रीण असते. अभ्यासाची निम्मी सवय याच गोष्टी लावतात. घरून शिकताना ही सारी व्यवस्था विद्यार्थ्याने एकट्याने उभी करायची असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्के घरांत संगणक. पुढे फोन वाढले. खोल्या वाढल्या नाहीत.

आमचा जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, १९५० साली झाली. आणि याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, जामखेडकडची माणसे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. २०२०-२१ च्या हंगामात महाविद्यालये बंद होती, तास फोनवर होते. माझ्या वर्गातली एक मुलगी आईबापांबरोबर तोडीवर गेली होती. तिचा कॅमेरा बंद, माईक बंद. प्रश्न विचारला तरी उत्तर नाही. एकदा सर्वांसमक्ष मी तिला आळशी म्हटले.

हंगाम संपल्यावर ती भेटायला आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, “सर, माईक चालू केला असता तर मुकादमाच्या शिव्या सगळ्या वर्गाला ऐकू गेल्या असत्या. आईला देत होता.”

मी स्वतः माझ्या घरातला पहिला पदवीधर. तरीही मला हे सुचले नाही. त्या मुलीने भावना ओळखली होती, तिचे कारण जाणले होते आणि ती हाताळलीही होती. पहिल्याच पायरीवर मी नापास झालो होतो.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एक साधी वही ठेवायला सांगतो. अभ्यास कुठे तुटला आणि त्या क्षणी मनात काय होते, एवढेच लिहायचे. थकवा, लाज आणि विषय न समजणे ही तिन्ही बाहेरून एकसारखीच दिसतात. पुस्तक मिटलेले असते. पण उपाय वेगवेगळे. थकव्याला झोप हवी, न समजण्याला शिक्षक हवा, लाजेला सोबत हवी. म्हणून वस्तीतल्या समाजमंदिरात चौघांनी एका फोनवर बसावे, ऐकलेले एकमेकांना सांगावे. शिक्षकाने तास ध्वनिमुद्रित करून ठेवावा, म्हणजे गाडी भरून आल्यावरही तो ऐकता येतो.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेबांचा अभ्यास झाला. मुलाला लवकर निजवून रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून स्वतः झोपत. बाबासाहेबांच्या जिद्दीविषयी आपण नेहमी बोलतो. त्या जिद्दीला कुणीतरी जागून जागा करून दिली होती, हे विसरतो. कोपीतल्या मुलीला रात्री दोनला जाग येते ती उसाची गाडी भरायला.

आणि राग? तो आवरायला आम्हांला पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले आहे. आईला शिव्या पडत असताना येणारा राग हा परिस्थितीचे अचूक वाचन आहे. तो वहीत लिहावा, त्याचे कारण नावानिशी लिहावे आणि मग पुस्तक उघडावे. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘स्वयंशिस्त’ या रकान्यात शून्य भरण्यापूर्वी आम्ही शिक्षकांनी एक प्रश्न विचारावा : ही मुलगी कुठे बसून शिकते आहे?