मेंदूतील गाठ : खुणा ओळखा, हातभार लावा



मार्च हा ब्रिटनमध्ये मेंदूतील गाठीविषयी जनजागृतीचा महिना असतो. महिनाअखेरीस लोक तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या घालतात आणि संशोधनासाठी पैसे जमवतात. टोपीची गंमत असली तरी कारण गंभीर आहे. या देशात मुले आणि चाळिशीच्या आतली माणसे यांचे बळी मेंदूच्या गाठी इतर कोणत्याही कॅन्सरपेक्षा जास्त घेतात.

एका माणसाच्या बोलण्याने किती फरक पडतो, हे माजी मंत्री टेसा जोवेल यांनी दाखवले. मे २०१७ मध्ये टॅक्सीत त्यांना अचानक झटके आले आणि दोन दिवसांत गाठीचे निदान झाले. २५ जानेवारी २०१८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्या आपल्या आजाराविषयी बोलल्या. तिथे टाळ्यांची प्रथा नाही, तरी सभासदांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. १२ मे रोजी त्या वारल्या. त्यानंतर सरकारने संशोधनाची रक्कम दोन कोटींवरून चार कोटी पौंड केली. पण २०२३ मध्ये खासदारांच्या गटाच्या अहवालात दिसले, की त्यातले बरेच पैसे खर्चच झाले नव्हते. म्हणून पाठपुरावा थांबवून चालत नाही.

आता आपल्या वयाच्या मंडळींसाठी. वॉर्डात मी अनेकदा ऐकले आहे, "वय झालं, विसरणारच, चिडणारच." पण स्वभावात नवा बदल, सकाळी वाढणारी डोकेदुखी व उलट्या, नजरेत फरक, चालताना तोल जाणे, हळूहळू एका बाजूची शक्ती कमी होणे, असे काही दिसले तर जीपीला लगेच दाखवा. प्रत्येक वेळी गाठच असते असे नाही, पण तपासणी हवी. पहिल्यांदाच फिट आली किंवा अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ९९९ ला फोन करा. गाठीचे निदान झाले तर गाडी चालवणे थांबवून डीव्हीएलएला कळवावे लागते.

देणगी देताना संस्थेचा नोंदणी क्रमांक चॅरिटी कमिशनच्या यादीत पाहून घ्या. 'गिफ्ट एड'मुळे एका पौंडावर संस्थेला २५ पेन्स जास्त मिळतात. मात्र पेन्शनवर तुम्हाला कर बसत नसेल, तर त्या चौकटीत खूण करू नका, नाहीतर ती रक्कम तुमच्याकडून मागितली जाऊ शकते.

पैसे देणे जमत नसेल, तर रुग्णाच्या घरी डबा पोहोचवा, किंवा त्याच्याजवळ दोन तास बसा. सांभाळणाऱ्याला तेवढीच झोप मिळते.