मोबाइलवरील मराठी संकेतस्थळ : अक्षर, आकृती आणि उपकरण

मुद्रित पृष्ठ एकदा छापखान्यातून बाहेर पडले की त्याचे रूप कायम होते. नाशिकच्या आणि बेळगावच्या वाचकाच्या हाती तीच ओळ, तेच अक्षर येते. संकेतस्थळाचे तसे नाही. संकेतस्थळ तयार करणारा केवळ मजकूर आणि मांडणीविषयीच्या सूचना पाठवतो; पृष्ठ प्रत्यक्ष घडते ते वाचकाच्या उपकरणावर, त्या उपकरणाच्या कुवतीप्रमाणे. गावच्या ग्रंथालयाचे, शाळेचे किंवा एखाद्या नियतकालिकाचे संकेतस्थळ उभारताना तांत्रिक काम कोणीही करो, मराठी मजकूर वाचकापर्यंत धडपणे पोहोचला की नाही, हे भाषेच्या जाणकारालाच पाहावे लागते. पदवीनंतर आपल्यापैकी अनेकांकडे हे काम येऊ शकते.

अक्षर आणि त्याची आकृती

भाषाविज्ञानात आपण स्वनिम आणि स्वनांतर यांतील भेद अभ्यासला आहे. स्वनिम हे अमूर्त एकक. प्रत्यक्ष कानी पडते ते स्वनांतर. संगणकावरील लेखनातही असाच भेद आहे. १९९१ साली पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या प्रमाणकात प्रत्येक वर्णचिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. साठवला जातो तो हा क्रमांक. पडद्यावर दिसते ती फॉन्टमधील आकृती. ‘क्षेत्र’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, पण साठवण सात चिन्हांची असते : क, हलन्त, ष, एकाराची मात्रा, त, हलन्त, र. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, परंतु साठवणीत ती ‘क’नंतर येते, कारण युनिकोडने उच्चाराचा क्रम स्वीकारला आहे.

या चिन्हमालेतून योग्य जोडाक्षर घडवणे आणि वेलांटी उचलून पुढे आणणे हे काम एक स्वतंत्र आज्ञावली करते. क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर त्यासाठी ‘हार्फबझ’ वापरतात. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे. आयफोनवर अ‍ॅपलची स्वतःची आज्ञावली हे काम करते. अँड्रॉइडच्या प्रारंभीच्या काळातील अनेक फोनांवर ही सोय नव्हती. तेथे मराठीच्या जागी चौकोन दिसत किंवा वेलांटी व्यंजनाच्या मागे लोंबत असे.

युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये तर रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. तो फॉन्ट नसलेल्या उपकरणावर मराठी लेखाचा रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा होतो. जुन्या अंकांचा मजकूर संकेतस्थळावर घेताना तो प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून मग बारकाईने मुद्रितशोधन करावे लागते. या कष्टाला पर्याय नाही.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’

मराठीची खरी कसोटी येथे लागते. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील दऱ्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला. ‘ऱ्य’मधील हा आडवा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. याहून गंभीर धोका असा की, मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना अदृश्य चिन्हे कधी कधी गाळली जातात. मग उरतो साधा रेफ, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून पहिली पद्धत सर्वत्र काटेकोरपणे वापरावी.

‘ॲ’ची कथा निराळी. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी अनेकांनी हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरला, काहींनी ‘अ’पुढे चंद्र जोडला. आजही एकाच संकेतस्थळावर ही तिन्ही लेखने आढळतात आणि शोधयंत्राच्या दृष्टीने ते वेगवेगळे शब्द ठरू शकतात.

‘ल’ आणि ‘श’ यांच्याबाबत साठवण एकच असते, आकृती मात्र दोन. मराठी परंपरेतील पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदी वळणाहून भिन्न आहेत. काही देवनागरी फॉन्टांत दोन्ही आकृत्या असतात. कोणती दाखवायची, हे ब्राउझर पृष्ठाच्या भाषादर्शक खुणेवरून ठरवतो. पृष्ठाची भाषा मराठी आहे, हे सांगणारी ही खूण एका ओळीची असते, पण ती घालण्याचे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारी साधनेही आवाज निवडताना हीच खूण पाहतात.

पडद्याची रुंदी

२००७ साली आयफोन आला तेव्हा बहुतेक संकेतस्थळे मोठ्या पडद्यासाठी रचलेली होती. त्यामुळे फोनवरील सफारी पृष्ठाची रुंदी ९८० पिक्सेल आहे असे गृहीत धरून ते लहान करून दाखवी. पृष्ठ उपकरणाच्याच रुंदीत मांडावे, असे सांगण्यासाठी ‘व्ह्यूपोर्ट’ची सूचना आली. ती नसेल तर आजही फोनवर मुंगीएवढी अक्षरे दिसतात. पुढे मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली : स्तंभांची रुंदी टक्केवारीत द्यावी, चित्रे चौकटीबरोबर आक्रसावीत आणि पडद्याच्या रुंदीनुसार मांडणीचे नियम बदलावेत. मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ ठेवण्याची गरज त्यामुळे बहुतांशी संपली.

ही तत्त्वे रोमन लिपीतून आली असल्याने देवनागरीसाठी त्यांत भर घालावी लागते. दोन ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे. अन्यथा वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीतील रफारावर आदळतो. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. अरुंद पडद्यावर ओळी दोन्ही कडांना जुळवल्या, तर ‘महाराष्ट्रातील’सारख्या लांब शब्दांच्या आसपास मोठी भगदाडे पडतात, डावी कड जुळवणे पुरे. आणि वाचकाला पृष्ठ बोटांनी मोठे करण्यास मनाई करणारी सूचना कधीही देऊ नये. साठीतल्या वाचकाला तेवढाच आधार असतो.

ब्राउझरांचा प्रश्न

ब्राउझर अनेक असले तरी त्यांची अंतर्गत यंत्रे मोजकी आहेत : क्रोम, एज, ओपेरा यांच्यामागे ब्लिंक, सफारीमागे वेबकिट आणि फायरफॉक्समागे गेको. वाचक कोणता ब्राउझर वापरतो हे ओळखून त्याला वेगळे पृष्ठ देण्याची जुनी युक्ती टिकाऊ नाही, कारण नवी आवृत्ती आली की अंदाज चुकतो. त्यापेक्षा वेबच्या मूळ स्वभावाचा आधार घ्यावा : न कळणारी सूचना ब्राउझर सोडून देतो आणि पुढे वाचतो. म्हणून आधी साधा, योग्य क्रमाचा, शीर्षके व परिच्छेद नीट खुणावलेला मजकूर तयार करावा. सजावट त्यावर चढवावी. ती एखाद्या फोनला पेलली नाही तरी लेख वाचता येतो. फॉन्टचेही तसेच. देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो जोडाक्षरांच्या आकृत्या असल्याने त्याची फाइल जड असते. ती उतरेपर्यंत फोनमधील उपलब्ध फॉन्टात मजकूर दाखवावा, वाचकाला कोऱ्या पडद्यापुढे बसवू नये.

या साऱ्या कटकटी टाळण्यासाठी अनेक ठिकाणी मराठी मजकुराचे छायाचित्रच पृष्ठावर लावले जाते. हा उपाय मला घातक वाटतो. हजार शब्दांचा मराठी लेख, प्रत्येक चिन्हास तीन बाइट धरूनही, वीस किलोबाइटच्या आसपास भरतो. त्याचे स्पष्ट छायाचित्र सहज त्याच्या अनेक पट होते. ते लहान पडद्यावर नव्याने ओळी पाडत नाही, शोधात सहजी सापडत नाही, आणि अंध विद्यार्थ्याच्या वाचकसाधनाला तेथे वाचण्याजोगे काहीच मिळत नाही.

स्वाध्याय

पुढील ओळ एखाद्या पृष्ठावर टंकून घरातील सर्वांत जुन्या फोनसह किमान तीन उपकरणांवर उघडा : ‘दऱ्या, दर्या, तऱ्हा, ॲप, ऑक्टोबर, ज्ञान, राष्ट्र, किंचित, ऊर्ध्व, लाल शाल’. फोन उभा आणि आडवा धरून पाहा. वेलांटी, रफार आणि अर्धा र कोठे बसतात, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो का, ‘लाल शाल’मधील अक्षरांचे वळण कोणते आहे, याची नोंद करा. नंतर ‘दऱ्या’ हा शब्द पृष्ठावर शोधून तो प्रत्येक उपकरणावर सापडतो का, तेही लिहा.