पानाचा सरनामा

मराठीच्या तासाला तुम्ही पत्रलेखन शिकता. पत्राला मायना असतो, मजकूर असतो, शेवटी सही असते. समजा, हिंगोलीहून तुम्ही मुंबईच्या मामूंना पत्र पाठवले. टपालखात्यातील माणसे तुमचा मजकूर वाचतात का? नाही. पाकिटावर काय लिहिले आहे, एवढेच ती वाचतात. मामूंचे नाव, त्यांचा पत्ता, पिन कोड आणि एका कोपऱ्यात तुमचा पत्ता. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती आखली. तुमच्या पत्त्यात हिंगोलीचा ४३१५१३ हा आकडा असला, की मामूंचे उत्तर बरोबर आपल्या गावी येते.

पाकिटावरील या मजकुराला उर्दूत ‘सरनामा’ म्हणतात. आपण भारताच्या संविधानाचा सरनामा म्हणतो, तो हाच शब्द. संगणकाच्या दुनियेत असेच काम करणाऱ्या ओळींना ‘हेडर’ म्हणतात. या पाठात आपण त्यांना सरनामाच म्हणू.

तुम्ही एखादे संकेतस्थळ उघडता, तेव्हा दोन यंत्रांमध्ये पत्रव्यवहार होतो. एक यंत्र तुमच्याजवळचे. त्यातील क्रोम किंवा फायरफॉक्स यांसारख्या प्रोग्रामला ब्राउझर म्हणतात. दुसरे यंत्र दूर कोठेतरी असते. ते पाने साठवून ठेवते आणि मागेल त्याला पाठवते. त्याला सर्व्हर म्हणतात. ब्राउझर मागणी पाठवतो, सर्व्हर उत्तर पाठवतो. दोघांच्याही पत्रावर सरनामा असतो. सरनामा संपला की एक ओळ कोरी सोडलेली असते. मजकूर असेल, तर तो तिच्याखाली सुरू होतो.

टिम बर्नर्स-ली यांनी ही पद्धत प्रथम तयार केली, तेव्हा सरनामा नव्हताच. १९९१ मधील मागणी फक्त एका ओळीची असे. पुढे चित्रे आली, आवाज आला, नाना भाषा आल्या. आलेली वस्तू नेमकी काय आहे, हे सांगण्याची गरज पडू लागली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांत सरनाम्याला जागा मिळाली.

आता ब्राउझर आपल्या सरनाम्यात काय लिहितो ते पाहू. कोणते संकेतस्थळ हवे, हे तो लिहितो. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे असतात, तशी एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे राहतात. म्हणून नाव सांगावेच लागते. तो स्वतःचे नावही सांगतो. शिवाय आपली भाषा कळवतो. उर्दूसाठी ‘यूआर’ आणि मराठीसाठी ‘एमआर’ अशी दोन-दोन अक्षरांची खूण ठरलेली आहे. तुम्ही ब्राउझरमध्ये तशी निवड केली असेल, तर तो लिहितो : उर्दू पहिली, ती नसेल तर मराठी, तीही नसेल तर इंग्रजी. आवडीचा हा क्रम ०.८, ०.५ अशा आकड्यांनी दाखवतात. पुष्कळ सर्व्हर ही ओळ वाचून न वाचल्यासारखे करतात आणि सरळ इंग्रजी पान पाठवतात. मला हे खटकते.

उत्तराच्या आरंभी सर्व्हर एक आकडा लिहितो. २०० म्हणजे ‘मागितलेले दिले’. ४०४ म्हणजे ‘असे पान येथे सापडत नाही’. त्यानंतरच्या सरनाम्यात आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची एक ओळ असते. खाली मजकूर आहे की चित्र, आणि मजकूर असल्यास त्याची अक्षरे कोणत्या रीतीने लिहिली आहेत, हे ती सांगते.

आमच्या शाळेतील एका मुलीने शिष्यवृत्तीची माहिती वाचण्यासाठी एका संस्थेचे पान उघडले. अर्जाची शेवटची तारीख त्यातच होती. पडद्यावर मात्र विचित्र खुणांची गर्दी दिसली. ती म्हणाली, “सर, कॉम्प्युटर बिघडला.” संगणक ठीक होता. मजकूरही ठीक होता. सरनाम्यातील ती एक ओळ चुकली होती.

असे का होते? संगणक अक्षरे आकड्यांत साठवतो. आज बहुतेक पाने ‘यूटीएफ-८’ या रीतीने लिहितात. या रीतीत ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन आकड्यांनी बनते. ‘मराठी’ या शब्दाला काना आणि वेलांटी धरून पंधरा आकडे लागतात. उर्दू लिपीत ‘उर्दू’ लिहायला अलिफ, रे, दाल, वाव ही चार अक्षरे लागतात. त्यांचे आठ आकडे होतात. आता सरनाम्यात चुकून युरोपातील जुन्या रोमन रीतीचे नाव पडले, तर ब्राउझर प्रत्येक आकड्याचे वेगळे अक्षर करतो. मग ‘म’च्या जागी डोक्यावर रेघ असलेला रोमन ‘ए’, नंतर पैशाची एक खूण आणि शेवटी वर्तुळातला ‘आर’ उमटतो. इंग्रजी पानात ही चूक सहसा दिसून येत नाही, कारण इंग्रजी अक्षरांचे आकडे दोन्ही रीतींत सारखेच आहेत. फटका मराठीला बसतो, तसाच उर्दूलाही. लिपीची नोंद पानाच्या आतही करता येते. पण आत एक आणि सरनाम्यात दुसरे असेल, तर ब्राउझर सरनाम्याचेच ऐकतो.

त्या दिवशी आम्ही संस्थेला फोन करून तारीख विचारली. दोन दिवस उरले होते. अर्ज वेळेत गेला.

सरनाम्याने खर्चही वाचतो. एकदा पाहिलेल्या पानाची नक्कल ब्राउझर जपून ठेवतो. पुढच्या वेळी तो विचारतो, “या तारखेनंतर काही बदलले का?” बदल नसेल, तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो आणि पान पुन्हा पाठवत नाही.

पाकिटाची उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. पाकिटावरचे पोस्टमन वाचू शकतो. परंतु पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असेल, तर सरनामाही मजकुरासारखाच कुलूपबंद होऊन जातो. वाटेतल्यांना तो वाचता येत नाही.

सरनामा तुम्हांलाही पाहता येईल. शाळेच्या संगणकावर १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया उघडा. ‘एफ-१२’ ही कळ दाबा, ‘नेटवर्क’ हा भाग निवडा आणि पान पुन्हा मागवा. यादीतील पहिल्या ओळीवर टिचकी मारा. उत्तराच्या सरनाम्यात ‘यूटीएफ-८’ शोधा. भाषेच्या ओळीत ‘एमआर’ दिसेल. मग उर्दू विकिपीडिया उघडून तीच ओळ पाहा.