थार, जिम्नीला जादा लाईट लावायचेत? वायर कापण्याआधी हे वाचा

बंपरवर दोन गोल दिवे, टपावर एक लांब लाईटबार, बटण दाबलं की अख्खं जंगल दिवसासारखं उजळतं. अशी रील बघून अनेक जण थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात जातात. तिथला कारागीर हेडलाईटची वायर सोलतो, त्यात दुसरी पिळतो, वर चिकटपट्टी मारतो. अर्ध्या तासात काम फत्ते.

जुन्या जीपमध्ये हे खपून जायचं. हेडलाईटला सरळ १२ व्होल्टची वायर यायची, अप्पर मारला की त्यात करंट. पण आताच्या बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांत कोणता दिवा कधी लावायचा, हे कॉम्प्युटर ठरवतो. काही एलईडी हेडलाईटमध्ये अप्परसाठी वेगळी वायरच नसते. आदेश जातो तो डेटाच्या वायरीतून, म्हणजे ‘कॅन बस’मधून. काहींमध्ये करंट सलग न जाता झपाझप चालू-बंद होत जातो आणि त्यावर जोडलेला रिले नुसता तडतडत राहतो. कॉम्प्युटर प्रत्येक दिवा किती करंट खातो हेही मोजतो. हिशेब जुळला नाही की डॅशबोर्डवर एरर आलीच. पुढे वॉरंटीचा वाद झाला, तर कापलेली वायर हा कंपनीच्या हातातला पुरावा.

मग करायचं काय? करंट थेट बॅटरीतून घ्यायचा. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. त्याला १५ अँपिअरचा फ्यूज आणि तेवढा भार पेलणारी जाड वायर लागते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. कारण फ्यूजच्या आधीचा तुकडा बोनेटखाली घासून शॉर्ट झाला, तर त्याला थांबवणारं काहीच नसतं. आग लागते ती इथे. हेडलाईटकडून घ्यायचा तो फक्त रिलेला इशारा. तोही वायर न कापता, त्या मॉडेलसाठी मिळणाऱ्या प्लगमधून किंवा कॅन बस वाचणाऱ्या मॉड्यूलमधून.

अर्थिंगची वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर नको. नव्या गाड्यांत तिथे अनेकदा छोटा सेन्सर असतो, तो बॅटरीचं चार्जिंग मोजतो. त्याला वळसा घातला की हिशेब चुकतो आणि बॅटरी उगाच उतरू लागते. चासीवर अर्थ घ्या, एवढं सोपं आहे. दिवे ग्रिलमधल्या रडारसमोर किंवा रेडिएटरची हवा अडेल असेही बसवायचे नाहीत.

आता ज्यावर रीलवाले सहसा बोलत नाहीत, तो मुद्दा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १११ नुसार गाडीच्या पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट वापरायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत, आरटीओच्या आगाऊ परवानगीनेच वापरता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बुलबारवर दिवे लावायची कल्पना तर सोडूनच द्या, केंद्राने २०१७ मध्येच त्यावर बंदी आणली. विम्याला न कळवलेल्या बदलामुळे क्लेमही अडकू शकतो.

कायदा इतका कडक का, ते घाटात कळतं. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे दोन सेकंद दिपले, तर तो ४४ मीटर आंधळेपणाने गाडी चालवत असतो. आंबोलीच्या धुक्यात तर हे दिवे लावणाऱ्यालाच नडतात. उजेड धुक्यावर आपटून परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे कामाला येतो तो खाली बसवलेला, रुंद पसरणारा फॉगलॅम्प.

त्यामुळे खासगी शेतात, ऑफ-रोड ट्रॅकवर दिवे वापरणार असाल, तरी दुकानातून निघण्याआधी एक तपासा: डिपर मारताच जादा दिवे त्याच क्षणी विझतात का? आणि दिव्यांचा रोख ठरवताना डिकीत सामान भरून बघा. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उठतं आणि उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.