'बरे आहे' म्हणजे किती बरे?

घरातील वडीलधाऱ्यांना प्रकृतीविषयी विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : "बरे आहे. वयाप्रमाणे चालायचेच." हे उत्तर खोटे नसते. परंतु त्यावरून प्रकृती खरोखर किती चांगली आहे, हे कळत नाही. निरनिराळ्या देशांतील वृद्धांच्या आरोग्याची तुलना करणाऱ्या संशोधकांपुढे हीच मोठी अडचण असते.

प्रा. अमर्त्य सेन यांनी २००२ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले. बिहारपेक्षा केरळातील लोक अधिक काळ जगतात. तरीही आपण आजारी असल्याचे केरळातच अधिक लोक सांगतात. अमेरिकेत तर हे प्रमाण त्याहूनही अधिक आढळले. जेथे शिक्षण आहे आणि डॉक्टर जवळ आहे, तेथे दुखणे हे दुखणे म्हणून ओळखले जाते. जेथे या सोयी नाहीत, तेथे ते वयाच्या खाती जमा होते. तात्पर्य, तक्रार नाही म्हणजे आजार नाही, असे नव्हे.

यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला उपाय प्रश्नाचा. जागतिक आरोग्य संघटनेने चीन, घाना, भारत, मेक्सिको, रशिया व दक्षिण आफ्रिका या सहा देशांत वृद्धांची पाहणी केली. तीत स्वतःविषयीच्या प्रश्नांबरोबर काल्पनिक व्यक्तींविषयीही विचारले जाई. समजा, एका गृहस्थांना सपाट रस्त्याने चालता येते, पण जिना चढताना गुडघे दुखतात. तर त्यांची अडचण थोडी की फार? गृहस्थ तेच असूनही एका देशातील लोक 'थोडी' म्हणतात, दुसऱ्या देशातील 'फार'. यावरून प्रत्येकाचा मापदंड कळतो आणि त्याप्रमाणे त्याच्या स्वतःविषयीच्या उत्तराचा अर्थ लावता येतो.

दुसरा उपाय प्रत्यक्ष मोजण्याचा. अमेरिकेत १९९२ पासून आणि इंग्लंडमध्ये २००२ पासून त्याच त्याच व्यक्तींची ठराविक वर्षांनी पुन्हा पाहणी केली जाते. त्याच धर्तीवर मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने, दोन अमेरिकन विद्यापीठांच्या सहकार्याने, २०१७-१८ मध्ये ७२,००० हून अधिक लोकांची पाहणी केली. ४५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या या पाहणीत आपला मध्य प्रदेशही होता. घरी जाऊन रक्तदाब, मुठीची पकड, चालण्याचा वेग, तोल, दृष्टी व स्मरणशक्ती तपासण्यात आली.

या तपासणीतून जे दिसले ते प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावे. या वयाच्या सुमारे ४६ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता. पण त्यांपैकी केवळ ५६ टक्क्यांच्या आसपास लोकांचेच निदान पूर्वी झालेले होते. उरलेल्यांना विचारले असते, तर रक्तदाबाचा काही त्रास नाही, असेच त्यांनी सांगितले असते!

मुठीची पकड तपासतात याचे काहींना नवल वाटेल. परंतु १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या एका अभ्यासात (२०१५) असे आढळले की पकड ५ किलोने कमी असल्यास मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक असतो. मूठ आवळण्याच्या व्यायामाने आयुष्य वाढते, असा मात्र याचा अर्थ नाही. पकड ही सबंध शरीराच्या शक्तीची खूण होय.

या साऱ्यातून आपण घ्यावयाचा बोध सोपा आहे. वडीलधाऱ्यांना नुसते "बरे आहे ना?" असे विचारून थांबू नये. राजवाड्यापर्यंत पूर्वीप्रमाणे चालवते का? खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येते का? डब्याचे घट्ट झाकण उघडते का? असे नेमके विचारावे. तक्रार नसली तरी रक्तदाब वेळोवेळी मोजून घ्यावा आणि आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. आपल्या मल्हारगंजातील घरोघरी एवढे झाले, तरी वयाच्या नावाखाली लपलेली कित्येक दुखणी वेळीच उजेडात येतील.